चुन्याची रेघ

आई,

तुह्या समीक्षाचा यवतमाळहून नमस्कार. काळजी करू नको, मले संघात ठेवलं.

इतके दिवस माहा चेंडू नोबॉलच होत होता. टाकताना टाच चुन्याच्या रेघेमागं राहाले पाहिजे, अन् मी रेघेवरून उडी मारत होती. कोच भैरवीताईनं इचारलं, "रेघेवर पाय काहून देत नाहीस?"

"आई म्हणते, रांगोळीवर पाय देऊ नये."

त्या लय हासल्या. मंग स्वतःच रेघेवर उभ्या राह्यल्या.

आज टाच मागं राह्यली. नजर रेघेवरून उठली अन् चेंडू सरळ स्टंपावर गेला.

हॉस्टेलचं वरण पातळ हाये, पण चालते. तुही कंबर कशी हाये? दुखत असन तर रांगोळी लहान काढ, पण काढजो. दिवाळीले मले तिच्यावरून उडी मारूनच घरात यायचं हाये.

तुही,
समीक्षा