वैशालीचे लठ्ठ उंदीर

४ जाने.
कुसुम सकाळीच पेपर नाचवत दारात. प्राणिशास्त्र विभागात जन्मभर शेजारच्या खुर्चीत बसली, रिटायर होऊनही शेजार सुटत नाही. "अवो बाई, आपली वैशाली! चिचगडची!" आमची ही जुनी विद्यार्थिनी आता उंदरांच्या मेंदूतल्या एका एंझाइमवर काम करते. ते मंद केलं, की तेवढंच खाऊनही उंदीर लठ्ठ होत नाही म्हणे. आणि मुलाखतीत सांगते, ही गोडी कोणामुळे लागली? तर कुसुम मॅडममुळे.

कुसुम! उंदीर दिसला की स्टुलावर चढणारी!

५ जाने.
पेपर तीनदा वाचला. माझं नाव नाही. उंदीर धरायला मी शिकवलं. बिस्किटाच्या डब्यात बसवून वजन करायचं, ही युक्ती माझी. फोटोत तसाच डबा आहे!

७ जाने.
वैशालीचा फोन. "मॅडम, रविवारी कॉलेजात सत्कार हाय. तुमी येऊन राहिल्या ना? शाल कुसुम मॅडम देनार."
म्हटलं, बघते, गुडघे दुखतात. (गुडघे ठणठणीत.)
तिची प्रॅक्टिकलची वही माझ्या पेटीत असणार. सर्वांसमोर दाखवीन, कोणी शिकवलं ते.

८ जाने.
सापडली. तिचं अक्षर: 'एकाच पिंजऱ्यातले दोन उंदीर, खाणं सारखं. एक लठ्ठ, एक बारीक. काऊन?'
खाली लाल शाईत मी, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेलं माझं सुरेख वळण: 'अभ्यासक्रमाबाहेर. पान पुन्हा लिही.'
त्याखाली पेन्सिलीनं कुसुमचं गिचमिड: 'छान प्रश्न. सुट्टीत ये, वजनं घेऊन पाहू.'
माझ्या शेऱ्याखाली लिहायचा हिला अधिकार कोणी दिला?

९ जाने.
कुसुमला सहज विचारलं, सुट्टीत काय करायचात गं दोघी?
"काही नाही वो. उंदीर तीच धरे. मी स्टुलावरून आकडे लिहायची. मले किळस येते ना!" हसली. माझ्याच हातचा चहा पिऊन.
वहीचं बोलले नाही.

रविवार.
इस्त्रीची साडी. वही पिशवीत. खाली ऑटोत बसून कुसुम हाका मारते आहे, अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा.
पान फाडायला घेतलं होतं. फाडलं की लाल शेरा जाईल. कुसुमची ओळही जाईल, ते बरंच. पण त्या पोरीचा प्रश्नही जातो.
तसंच ठेवलंय. वैशालीच्या हातात द्यायचं की नाही, ते तिथे गेल्यावर…
आले गं, ओरडू नकोस!