मानाच्या जागेवर बसायचा सराव

३ ऑक्टोबर, दुपार
ऑपरेशन झालं. घरी आणलं. डॉक्टरीण म्हणाली, आजी, काय खाल्लं, किती वेळ बसलात, कुठं दुखलं, सगळं रोज लिहीत जा. वर विचारते, लिहिता येतं ना? चार यत्ता झाल्यात माझ्या. त्यापुढच्या यत्तांमध्ये काय शिकवतात ते माझ्या सुनेकडे बघून कळतं. लिहीन, पण डॉक्टरणीला दाखवणार नाही. माझं मला.
खाल्लं: उकडलेलं बीट. हे गाईचं खाणं.
बसले: नाही.
दुखलं: नाही. थोडं.
मूळव्याध हा शब्द या घरात काढायचा नाही, असं बजावलंय. कुणी विचारलं तर गुडघ्याचं ऑपरेशन. तालंत, माझा मुलगा, म्हणाला, अपा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस पालथा झोपतो का? म्हटलं, गावाला काय कळतंय.

४ ऑक्टोबर
डोकं चालू आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.
आमची सगळ्यांत थोरली जाऊ यंदा वसंतात गेली. प्रत्येक जेवणावळीत दारासमोरच्या मानाच्या जागेवर ती बसायची, आणि बायकांतला सगळ्यांत मोठा वाटा तिच्या पुढ्यात यायचा. उचा. मेंढीचं माकडहाड, शेपटीच्या चरबीसकट. तिच्यानंतर मी. हे सरळ आहे. पण धाकटी जाऊ उमसुनाई म्हणते, मी वयानं मोठी. असेल. लग्नाच्या वेळी तिला कुणी घेत नव्हतं म्हणून ती उशिरा या घरात आली, त्यात माझा काय दोष? मी मोठ्या भावाची बायको.
गावात म्हणे दोन मतं आहेत. गावाला मतं असतात हेच मला नवीन.
पुतण्या कुबातचं पोर चालायला लागलंय, त्याच्या पायातला दोरा कापायचा समारंभ सतराला. थोरली गेल्यानंतरची पहिली मोठी पंगत. तिथं जिच्या पुढ्यात उचा येईल, मरेपर्यंत तिच्याच पुढ्यात येईल.
म्हणजे सतराला बसायचं. जन्मभर बसतेच आहे. त्यात अवघड ते काय?

६ ऑक्टोबर, सकाळ
पहिल्यांदा परसाकडे जाऊन आले. त्याबद्दल लिहिणार नाही.
सून म्हणते शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी ओरडले नव्हते. तो कुत्रा मुळातच मूर्ख आहे.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
घमेल्यात पोटॅशचं गुलाबी पाणी घालून त्यात बसायचं, असं डॉक्टरणीनं सांगितलंय. पाणी कोमट हवं. माझ्या सुनेच्या, नुरजामालच्या, कोमट पाण्यात कोंबडी सोलता येईल. म्हटलं, मला मारायचं असेल तर सरळ मार. तर म्हणते, अपा, तुम्हीच म्हणालात ना की गार पाणी म्हणजे आळशी सुनेची खूण. म्हणाले असेन. दुसऱ्यांच्या सुनांबद्दल.

८ ऑक्टोबर
बीट. आलुबुखार. ताक. आज थोडा रस्सा घेतला. रस्सा म्हणजे पाणीच. पाण्यात एक फासळी होती, ती टाकून कशी द्यायची? फासळीला चरबी होती, ती निथळत ठेवली तर वाया जाते. वर दोन वाट्या काळा चहा, कारण चरबीवर गार पाणी पिऊ नये हे कुत्र्यालाही कळतं. त्या कुत्र्याला नाही.
तालंत म्हणाला, डॉक्टरणीनं मांस नको सांगितलंय. मी म्हटलं, ती बीट खाऊनच अशी काडी झालीय.

९ ऑक्टोबर, सकाळ
बीट बाधलं.

१० ऑक्टोबर
उमसुनाई येऊन गेली. समाचाराला म्हणे. हातात कणकेच्या गरम तळलेल्या बोरसोकांची पिशवी आणि वितळवलेल्या मेंढीच्या चरबीची बाटली.
विचारते, कुठला गुडघा? म्हटलं, डावा. बसली चोळायला. हात तिचा गुरं राखणाऱ्याचा आहे. मग म्हणाली, जाऊबाई, पालथी का पडलीस? म्हटलं, गुडघ्याला मागून हवा लागते. बरं, म्हणाली. जाताना दारात वळून विचारलं, आणि उजवा आता कसा आहे? म्हटलं, बराच बरा.
हसली. सोन्याचे दात बसवलेत तेव्हापासून सारखी हसते.
आणि म्हणाली, तू आराम कर गं, सतराला मी सांभाळून घेईन.
सांभाळून घेईन. माझी जागा, माझा वाटा, आणि ही सांभाळून घेणार.
सुनेला विचारलं, तू हिला काही बोललीस का? म्हणते, मी कशाला बोलू, अपा. तिची मान वाकडी होती. खोटं बोलताना माणसाची मान वाकडी होते. उमसुनाईला संशय आलाय की काय? कुणाला आलेला नाही. मी नीट सांभाळलंय.
बोरसोक चांगले होते. तेल जास्त. उरलेले संपवले.

१२ ऑक्टोबर
सराव सुरू. दुलया एकावर एक रचल्या, मानाच्या जागेवर असतात तशा. सून पुलाव करत होती. ठरवलं, पुलाव होईपर्यंत बसायचं. पाणी उकळायच्या आत उठले, कारण फोन वाजला. फोन शेजाऱ्यांचा होता, पण वाजला तो वाजलाच.
उद्या फोन लांब ठेवायचा.

१४ ऑक्टोबर
प्रगती आहे. एका कुशीवर कलून, कोपर टेकून बसता येतं. खानांच्या बायका अशाच बसायच्या. उमसुनाई पोतं टाकल्यासारखी बसते.
नुरजामाल म्हणाली, अपा, तुम्ही घामानं भिजलात, ओठ पांढरे पडलेत. म्हटलं, खोली तापलीय. खिडकी उघडायला लावली. बाहेर बर्फ पडत होता. तालंतनं जाकीट घातलं आणि बाहेरच जाऊन बसला, म्हणे तिथं जरा ऊब आहे.

१५ ऑक्टोबर
डॉक्टरणीकडे तपासायला नेलं. ती म्हणाली, टाके अजून ओले आहेत, लोण्यासारखे हळवे, अजिबात बसायचं नाही, गाडीतसुद्धा नाही, जेवणावळ तर विसराच. आजी, मी सांगते ते ऐकताय ना? म्हटलं, ऐकतेय.
तिला बसण्यातलं काय कळतं? दिवसभर खुर्चीत असते.

१७ ऑक्टोबर, सकाळ
मखमली कोट. पांढरा रुमाल, नवा. गाडीच्या मागच्या सीटवर पालथी जाईन, कुबातचं फाटक दिसलं की उठून बसेन. तालंत म्हणतो, अपा, त्या हाडासाठी एवढं? याला हाडच दिसतं. बापावर गेलाय.
सकाळी काही खाल्लं नाही. पोटात उचाला जागा ठेवली.

१८ ऑक्टोबर
उभ्यानं लिहितेय, खिडकीच्या कट्ट्यावर.
अंगणात नमद्याचा तंबू. मी आत शिरले तेव्हा सगळ्या बायका उठल्या, माझ्यासाठी वाट केली, मानाची जागा मोकळी सोडली. उमसुनाई बाजूच्या जागेवर. तिथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं.
मग बघते तर माझ्या जागेवर, दुलयांच्या वर, पोरांची पोहायची रबरी चकती. फुगवलेली. वर पिवळी बदकं. उमसुनाई म्हणाली, जाऊबाई, यावर बस, मधे मोकळं आहे, टोचणार नाही. नारीनच्या बाजारातून मुद्दाम मागवली. एक म्हणाली, माझ्या सासूबाईंना यानंच आराम पडला होता. दुसरी म्हणाली, बीट खा. तिसरी, जिचं नावही मला माहीत नाही, ती म्हणाली, गुलाबी पाणी फार गरम घेऊ नका, आजी.
सगळा तंबू. गुडघ्याचं विचारायला एकही नाही.
म्हटलं, मी पोहायला आलेले नाही. मला उभंच राहायचंय. दारापाशी समोवाराजवळ जाऊन उभी राहिले. तिथं कुबातच्या घरातली नवी सून चहा ओतत होती. वाटी काठोकाठ भरली तिनं, तीही माझ्या विहिणीची. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पाहुण्याला सांगणं, पी आणि ऊठ. आईनं काही शिकवलेलं नाही. तिला दाखवावं म्हणून किटली हातात घेतली. अर्धी वाटी, दोन्ही हातांनी, असं. ती उठून रस्सा बघायला गेली ती परत आलीच नाही.
समोवाराजवळ जो उभा असेल त्यानं चहा ओतायचा. जन्मभर सुनांना हेच सांगत आले. ओतत राहिले. वाट्या येत राहिल्या. कुणी माझ्याकडे बोट करून म्हणालं, बघा, काकिश अपा कशा ठणठणीत झाल्या. मला तेव्हा बरं वाटलं.
मग पोरं मांस घेऊन आली. मानाच्या जागेवर फक्त बदकं. कुबातनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि उचा उमसुनाईच्या पुढ्यात ठेवला.
मी तिची वाटी काठोकाठ भरून पाठवली. ती प्यायली, आणि तिनं वाटी पुन्हा पुढे केली.

१९ ऑक्टोबर
दोन टाके उसवले. पुन्हा पालथी. डॉक्टरणीनं नुसता उसासा टाकला. तेवढं शिकलीय.
दुपारी कुबात आला. खाली मान घालून म्हणाला, काकू, आम्ही तुमचा उचा सकाळीच बाजूला काढला होता. आजारी माणसाचा वाटा पहिला निघतो ना, तो बांधून घरी पोचवायचा होता, पिशवीसुद्धा घेऊन ठेवली होती. उमसुनाई काकूंनीच सांगितलं, तिचा पाठवा, त्यात वाद नको. पण तुम्ही स्वतः चालत आलात, समोवार सांभाळलात. मग घरी काय म्हणून पाठवणार? आणि बसलातही नाहीत, मग पुढ्यात कुणाच्या ठेवणार?
आजाऱ्याचा वाटा घरी जातो, हे मला शिकवायला हा पोरगा नको. मला माहीत होतं. घरी राहून लोळत पडले असते तर आला असता, हेही कळतं मला.
पण मी आजारी नव्हते.
खाल्लं: बीट.