दोन फोटोंचा कागद

प्रिय विसरभोळ्या स्वप्नील,

दिवाळीच्या सुटीहून जाताना ज्वारीच्या बिबड्या-पापडांचा डबा ओट्यावरच विसरून गेलास. शाळेत दप्तर विसरायचास, लग्नात अंगठी विसरलास, आणि अशा माणसाच्या हाती सरकारनं बंदूक दिली. संध्याकाळी ती परत जमा करून घेतात ना, एकदा विचारून ठेव. तुझ्या आजीला अक्षर येत नाही, एवढं तरी लक्षात असेल. म्हणून हे पत्र पलक लिहितेय. सुरेशचंद बियाणेवाल्यांची मुलगी, जळगावला जवानांच्या घरच्यांना फुकट कागद करून देणारी वकील. तुझेही कागद तिनंच केले होते. मी आपल्या बोलीत सांगते, ती पुस्तकी करून लिहिते. मधेच पेन थांबवून माझ्याकडे बघते, ते तेवढं मला आवडत नाही.

केळी निसवली आहे, घड बाहेर पडलेत. तुझी लेक आता भिंतीवरच्या तुझ्या फोटोला घास दाखवून मग स्वतः खाते. तुझा फोन लागत नाही, त्याला आज एकोणीस दिवस झाले. तुझी हेमांगी भाकरी थापतानाही फोन परातीशेजारी ठेवते. पीठ लागून त्याची काच पांढरी झाली. तिकडे तुम्हाला फोन काढून ठेवायला लावला असेल, असं आम्ही एकमेकींना रोज सांगतो. सांगून सांगून त्यातला जोर गेला.

आता तुझ्या लोटनकाकाची गोष्ट. माझ्याच पोटचा, म्हणून त्याला शिव्या देताना जपून देते, फिरून माझ्याकडेच येतात. त्यानं चाळीसगावला तहसिलीत वाटणीचा अर्ज लावला. म्हणतो, विहिरीकडचा तुकडा माझा. तुझा बाप पंडित गेल्यावर त्याच्या जागी सातबाऱ्यावर तुझं नाव लागलं, तेव्हा हा गप्प होता. तू बर्फात जाऊन बसल्यावर याला विहीर आठवली. पहिल्या सुनावणीला हेमांगी लेकीला कडेवर घेऊन गेली. तिथल्या बाबूनं सांगितलं, बाई, नवऱ्याचं मुखत्यारपत्र आणा, झेरॉक्स नको, असल आणा. बाहेर लोटन उभाच होता. हसून म्हणाला, सूनबाई, तू शिपायाची बायको शे, शिपाई नव्हे. आता अठरा तारीख दिलीय. त्या दिवशी तुझ्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही, तर निकाल एकतर्फी लागेल. विहीर गेली की केळी किती दिवस तग धरते, ते तुला सांगायला नको.

हेमांगीनं माझी पेटी उघडली. किल्ली माझ्याच कमरेला असते. पाकिटात तुझा एकच कागद निघाला, आणि तो मुखत्यारपत्र नव्हता. तिनं डाळीचे डबे उपसले, गोधड्या झटकल्या. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आधी आजी, जेवून घ्या, म्हणून मागं लागायची. आता ताट ठेवते आणि निघून जाते. तिला वाटतं, म्हातारीनं कागद लेकाला दिला. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. काल तिनं लेकीचे झबले पिशवीत भरले. सोमवारच्या एसटीनं धुळ्याला माहेरी जाते म्हणते. मी ओट्यावर बसून बघत होते.

तुला जळगावचा तो दिवस आठवतो का? पलकनं दोन कागद समोर ठेवून समजावलं. एक मुखत्यारपत्र, तू दूर असताना हेमांगीनं तुझ्या वतीनं बोलायचं, पण तू आहेस तोवरच. दुसरं मृत्युपत्र. ते नाव ऐकून मी कानांवर हात ठेवले, तर तू सगळ्यांसमोर हसलास. घरी आल्यावर दोन्ही माझ्याच हाती दिलेस आणि म्हणालास, तुला वाचता येत नाही, तूच माझी पक्की तिजोरी.

तिजोरीनं काय केलं, ते ऐक. निघताना तुझ्या हातावर दही ठेवलं आणि त्याच वेळी पेटीतलं ते नाव आठवलं. पोरगा उंबऱ्याबाहेर पडतोय आणि घरात त्याच्या मरणाचा कागद. त्याच संध्याकाळी मी पाकीट उघडलं. दोन्हीवर शिक्के सारखेच. एकावर तू एकटा, दुसऱ्यावर तू आणि हेमांगी शेजारी शेजारी. मी अक्कल लावली. नवऱ्यामागं बायकोला मिळायचं तोच हा कागद, म्हणून तिचा फोटो. तोच चुलीत घातला. जित्या माणसांचे फोटो जाळवेनात, म्हणून आधी सोलून काढले. कुंकवाच्या डबीत आहेत, दोन्हींवर अर्धा अर्धा शिक्का आहे. आज पलकसमोर ठेवले, तेव्हा तिनं सांगितलं मी काय जाळलं ते. तू आहेस तोवर बोलणारा कागद मी राख केला, आणि तू नसल्यावर बोलणारा तेवढा पेटीत ठेवला. पलक, बठ्ठं खरं शे, अक्षरन् अक्षर, असं लिही.

म्हणून हे पत्र. आज चार तारीख. तुझ्या मोठ्या साहेबासमोर बसून नव्या कागदावर सही कर, शिक्का घे आणि पलककडे धाड. कोरा मसुदा ती सोबत घालते आहे. आज घरी जाऊन मी फोटो हेमांगीच्या हातात देणार. तिनं ताट माझ्या अंगावर टाकलं तरी चालेल, फक्त एसटीत बसू नये. तू मात्र पेटीतला तो कागद कामी येऊ देऊ नकोस. एवढं विसरू नकोस, बाकी काय विसरायचं ते विसर.

आणि कागदासोबत तिकडचे जर्दाळू पाठव, पावशेर पुरेत. दात नाहीत, चघळीन. पुडक्यावरचा पत्ता दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नकोस, स्वतःच्या हातानं लिही. मला वाचता येत नाही, पण तुझ्या अक्षराचं वळण मी ओळखते.

तुझीच,
भिकुबाई, तुझी मोठी माय
(अंगठा तिचाच)