बाबांचा खालचा सूर

बाबा, चर्चमध्ये गाणं बसवणाऱ्या मास्तरांनी चार आवाजांत बसवलेली प्रभुभोजनाची उपासना या रविवारी आम्ही पुन्हा गायलो. तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तुमचा बास, सगळ्यांत खालचा आवाज, आता नर्सिंग शिकणारे दोघं मिळून गातात, तरी तुमच्याइतकं खाली कुणी उतरत नाही. मी अल्टोत, बायकांच्या खालच्या आवाजात होते. ‘देवाच्या कोकऱ्या, आम्हांवर दया कर’ आलं तसं मी गायचं थांबवलं. मी नुसते ओठ हलवत राहिले.

ती ओळ तुम्ही स्वयंपाकघरात पाठ केलीत. आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपाशी बसून मास्तरांनी वहीत लिहून दिलेल्या सा-रे-गवर बोट ठेवून गुणगुणताय. तुमच्या वाट्याला चाल अशी नव्हतीच, एकच सूर धरून राहायचं. मला हसू आलं तर म्हणालात, “हसू नको. मी हललो तर वरचे तिन्ही पडतील.” त्याच वर्षी मला ताप भरला. दवाखान्याचं औषध चालू होतं, पण नवव्या दिवशी मी आईलाही ओळखेना, तेव्हा तुम्ही आणि काका कोंबडा घेऊन डोंगरावरच्या देवीकडे गेलात. तुमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेताना सोडलेल्या देवीकडे. मी बरी झाले.

महिन्याभरात पाळकसाहेबांना ते कळलं. त्यांनी सगळ्या मंडळीसमोर विचारलं, तुम्ही नाकारलं नाहीत. “पोरगी मरत होती, साहेब,” एवढंच बोललात. वर्षभर प्रभूच्या मेजाजवळ भाकरी-द्राक्षारस घ्यायला यायचं नाही, असं ठरलं. तुम्ही गाणंही सोडायला निघालात, पण मास्तर धानोऱ्याकडचे, ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “तू फक्त उभा ऱ्हाय. तुन्हाशिवाय बास कोन म्हनी?” मग महिन्याच्या दर पहिल्या रविवारी आम्ही सगळे वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला जातो, तोंडात भाकरीचा तुकडा घेऊन परततो, आणि तुम्ही जागेवर उभे, सूर धरून, कारण गाणं थांबता कामा नये. आई परत येताना तुमच्याकडे बघत नसे. वर्ष संपायला दोन महिने उरले होते, तेव्हा वखारीत तुमच्या अंगावर ओंडका आला. तुम्ही उपाशीच गेलात, असं आई शेवटपर्यंत म्हणत होती.

काकांनीच चुगली केली, असं तुम्ही धरून चाललात. देवीकडे तुम्ही दोघंच होतात ना. ते दारात येऊन रडले, “दादा, मी नाही रे सांगितलं.” तुम्ही दार लावून घेतलंत. तुम्हाला पुरलं तेव्हाही ते कबरस्तानाच्या फाटकाबाहेरच थांबले.

सांगितलं मी, बाबा. संडे स्कूलमध्ये पाळकबाईंनी विचारलं, “तुला कोणी बरं केलं, बाळ?” मी म्हणाले, “येशूनं आणि देवीनं. बाबांनी कोंबडा दिला.” मला वाटलं, त्या तुमचं कौतुक करतील. काका दारात रडत होते तेव्हा मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकत. दहा वर्षांची होते, असं स्वतःला सांगत आले. पण त्यानंतर विसाची झाले, तिसाची झाले, आता चाळिशी आली.

हे पत्र मी कुठं टाकणार? वहीतच राहील. काका अजून आहेत, चार घरं सोडून. त्यांना दिसत नाही आता, रविवारी मीच हात धरून चर्चला नेते. परवा वाटेत थांबून म्हणाले, “तुझा बाप फार हट्टी होता गं. माझं ऐकूनच घेतलं नाही.”

मी ‘हो’ म्हणाले.