दोन सारख्या मुठी

मी, श्रीमती कार्मिन जेम्स तुस्कानो, वय वर्षे बहात्तर, निवृत्त अभियंता, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या दिरांना तो पुरेसा वाटणार नाही, त्याला माझा इलाज नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाखाली मी आयुष्यात एकदाच सही केली, ती हकीकत कलम पाचमध्ये येईल. वकिलांनी आणलेला छापील मसुदा मी परत केला, कारण त्यात "माझे लाडके कुटुंबीय" असे शब्द होते आणि कोण लाडके हे ठरवायचे काम मी वकिलांना दिलेले नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. निर्मळ येथील कौलारू घर, मागची केळीची वाडी व विहीर माझा मुलगा फ्लॉईड यास मिळावी. फ्लॉईड कॅनडात असतो आणि फोनवर दर वेळी म्हणतो, "मम्मी, वीकेंडला भाड्याने द्यायला काय मस्त घर आहे आपलं." द्यावे. मी अडवायला येणार नाही. अट एकच: विजेच्या बटणांची मांडणी बदलू नये. उजव्या बटणाने उजवा दिवा लागतो आणि डाव्याने डावा. हे वीजवाल्याच्या गळी उतरवायला मला तीन दिवस लागले होते. शेगडीच्या बटणांना मी वेगवेगळ्या रंगांचे नेलपॉलिश लावले आहे, तेही खरवडू नये. ज्यांना ते गावठी दिसते त्यांनी दूध उतू गेल्यावर माझी आठवण काढावी.

कलम २. माझे दीर मायकल यांना माझी पन्नास फुटी मोजपट्टी द्यावी. आमच्या दोन वाड्यांमधले कुंपण दर पावसाळ्यानंतर आमच्या बाजूला थोडे थोडे सरकते. मायकल म्हणतात, "वहिनी, माती वाहून जाते, मी काय करू?" माती वाहते हे मला मान्य आहे, खांब वाहताना मी अजून पाहिलेले नाहीत. पट्टीचा त्यांनी मनमोकळा वापर करावा.

कलम ३. माझ्या सगळ्या वह्या, आरेखने, मापाची हत्यारे व पुस्तके माझ्या बहिणीची मुलगी डायना हिला मिळावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. डायना वटारला राहते आणि दवाखान्यातल्या यंत्रांचे स्क्रीन कसे दिसावेत हे ठरवण्याची नोकरी करते. घराण्यात माझे काम कळलेली ती एकटीच. बाकी गावाला चाळीस वर्षे वाटत राहिले की मी विमाने बनवते, आणि काहींना वाटायचे मी ती पुसते. मी एका खासगी कारखान्यात वैमानिकाच्या पुढ्यातले दिवे, आकडे आणि दांड्या कुठे असाव्यात, डोळ्याला कशा दिसाव्यात, हाताला कशा लागाव्यात हे ठरवत असे. हुशार, ताज्यातवान्या माणसासाठी हे काम करावेच लागत नाही. दमलेल्या, घाबरलेल्या, घाम डोळ्यात गेलेल्या माणसासाठी ते करायचे. डायनाला माझे सांगणे एवढेच की लाल रंग उधळू नकोस. आमच्या एका विमानात साहेबांनी अकरा दिवे लाल करायला लावले होते. वैमानिकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांतल्या सहांवर कागद चिकटवला.

कलम ४. वाडीतली पत्र्याची शेड, तिच्याखालची जमीन आणि शेडमधले लाकडी कॉकपिट हे सर्व कलम १ मधून वगळून डायनाला द्यावे. फ्लॉईड त्याला "ती फळकुटं" म्हणतो. ती फळकुटे त्याच्या वडिलांनी जोडलेली आहेत. कारखान्याने मला चाचणीसाठी नमुना करून दिला नाही, खर्च नको म्हणाले. जेम्स सुतार होते. मी मापे सांगितली आणि त्यांनी सुट्टीच्या दिवशी फणसाच्या लाकडात अख्खी बैठक, पॅनेल आणि दांड्या करून दिल्या. मग मी वाडीत येईल त्याला त्यात बसवायची, डोळ्यांवर रुमाल बांधायची आणि ओरडायची, "चाकं वर घे!" केळी तोडणारे, मोगरा खुडणाऱ्या बायका, एकदा तर फादरसुद्धा बसले. कोणाचा हात कुठे जातो ते मी वहीत लिहायची. लोक हसायचे. हसत हसत मात्र अगदी खरे चुकायचे, आणि मला तेच हवे असे.

कलम ५. आता ती सही.

आमच्या कारखान्याने शिकाऊ वैमानिकांसाठी एक छोटे विमान बनवले. त्यात दोन दांड्या शेजारी शेजारी होत्या. एक चाके वर-खाली करायची, दुसरी पंखांमागच्या झडपांची, ज्यांना फ्लॅप म्हणतात. दोन्हींच्या मुठी एकाच साच्यातल्या, कारण सुटा भाग एकच ठेवला की भांडाराला सोपे पडते. जेम्सना मी हे सांगितले तेव्हा रंधा थांबवून ते म्हणाले, "चाकाची मूठ चाकासारखी गोल कर, पंखाची चपटी कर. एवढं कळायला कंपनी कशाला लागते?" जगभर तसेच करतात. मी २००४ साली तीन पानी लेखी हरकत दिली. मुख्य अभियंत्यांचे एका ओळीचे उत्तर आले: वैमानिक प्रशिक्षित असतात.

मी भांडले. शेवटी मला गप्प करण्यासाठी तडजोड निघाली. चाकांच्या मुठीवर तीन बारीक खाचा पाडायच्या, म्हणजे बोटांना फरक कळेल. "चाचणी घ्या आणि सही करा, नाहीतर दुसरं कोणीतरी करील," असे मला सांगण्यात आले. मी शेडमध्ये बारा जणांना बसवले. बाराही जणांनी बरोबर मूठ धरली. मी आरेखनाखाली "मान्य" लिहून सही केली.

ती चाचणी मे महिन्यात झाली. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखे होते आणि माझी माणसे होती वाडीतली. त्यांना कसले हातमोजे? शिकवणारे वैमानिक मात्र चामड्याचे पातळ हातमोजे घालून उडतात. हे मला माहीत होते. अगदी नीट माहीत होते. त्या दिवशी मला ते आठवले नाही, कारण बाराच्या बारा बरोबर आल्याचा आनंद झाला होता आणि भांडणाचा कंटाळा आला होता.

२००६ साली कॅप्टन जयवंत चुरी एका विद्यार्थ्याला सराव देत होते. विमान धावपट्टीवर टेकवायचे आणि न थांबता पुन्हा उडवायचे, असा सराव. चाके टेकली. त्यांनी फ्लॅप वर घ्यायला हात नेला आणि चाकांची दांडी ओढली. जमिनीवर असताना चाके मिटू नयेत म्हणून एक सुरक्षा स्विच असतो, पण विमान वेगात असले की निम्मे वजन पंखांनीच उचललेले असते आणि स्विचला वाटते आपण हवेतच आहोत. विमान पोटावर बसले, घसरले, पेटले. कॅप्टननी विद्यार्थ्याला ओढून बाहेर काढले. त्याला खरचटलेदेखील नाही. कॅप्टनचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. अहवालात लिहिले गेले: वैमानिकाचा निष्काळजीपणा. त्यांचा परवाना गेला. पुढच्या विमानांतल्या मुठी गुपचूप बदलल्या गेल्या, चाकाची गोल आणि पंखाची चपटी. भांडार कोसळले नाही.

अपघातानंतर मी शेडमध्ये पुन्हा चाचणी घेतली. या वेळी हातमोजे घालून. वीसपैकी सात जण चुकले. कोणालाच खाच लागत नव्हती. तो कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "कार्मिन, आरेखनाखाली सही कुणाची आहे?"

निवृत्तीच्या वेळी माझ्याकडून करार लिहून घेतला की कामाचे कोणतेही कागद मी हयातीत उघड करणार नाही. सोबत पितळेचे छोटे विमान दिले. ते विमान भंगारवाल्याला द्यावे. कारखान्याचे नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या वारसांच्या यादीत त्याला जागा नाही.

कलम ६. बँकेतली शिल्लक डायनाकडे जावी. अहवालातले ते वाक्य बदलून मिळेपर्यंत तो अहवाल लिहिणाऱ्या सरकारी कार्यालयाला दर महिन्याच्या एक तारखेला स्मरणपत्र जावे. मी आहे तोवर मी पाठवीन, नंतर तिने पाठवावे. कार्यालयाला कंटाळा येईल. आम्हाला येणार नाही.

~~कलम ७. माझ्या कपाटातला मोहोरबंद लिफाफा माझ्या मृत्यूनंतर कॅप्टन जयवंत चुरी, राहणार नायगाव, यांच्या हाती द्यावा. त्यात चार कागद आहेत: माझी हरकत, तिचे उत्तर, हातमोज्यांची चाचणी आणि माझी सही असलेले आरेखन.~~

कलम ७ मी स्वतः खोडले आहे व बाजूला सही केली आहे. कारण सांगते.

डाव असा होता की करार हयातीचा आहे, तेव्हा मेल्यावर माझे कोण काय वाकडे करणार. मला तो फार हुशारीचा वाटला होता. डायनाने मसुदा वाचला आणि विचारले, "मावशी, कॅप्टन किती वर्षांचे?"

"चौऱ्याहत्तर."

"आणि तू बहात्तर. आधी तूच जाणार हे कोणी लिहून दिलंय का?" मग कागद खाली ठेवून म्हणाली, "त्यांना खरं सांगायला तुला मरावं कशाला लागतंय?"

मला राग आला. कराराला मी कधीच घाबरत नव्हते. मी घाबरत होते चौथ्या कागदाला, माझ्या सहीला. २०१३ साली वसईच्या बँकेत कॅप्टन मला भेटले होते. डाव्या हाताने फॉर्म भरत होते. मी कोण ते कळल्यावर म्हणाले, "छान विमान होतं हो तुमचं, मॅडम. चूक माझी. माझ्याच हाताची." मी म्हणाले, "असं कसं म्हणता," आणि माझा टोकन नंबर आला म्हणून उठले. नंबर माझा आलाच नव्हता. या गोष्टीची मला जितकी लाज वाटते तितकी त्या सहीचीही वाटत नाही.

कलम ८. म्हणून गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी डायनाबरोबर नायगावला गेले. कॅप्टन चौदाव्या मजल्यावर राहतात. दार त्यांच्या पत्नी सुमेधाताईंनी उघडले. मी चहा नको म्हणाले आणि चारही कागद टेबलावर मांडले. कॅप्टननी ते सावकाश वाचले, मागे जाऊन पुन्हा वाचले.

"ही सही तुमची?"

"माझी."

"आणि त्या दिवशी बँकेत तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं?"

"होतं."

"बारा वर्षं झाली त्याला, मॅडम." त्यांचा आवाज चढला. "बारा वर्षं मी रोज हा हात बघतोय. रोज विचारतोय, असं कसं झालं माझ्याकडून?"

मी माफी मागितली. त्यांनी कागद गोळा करून पत्नीकडे दिले. "सुमेधा, वाच. मोठ्यानं वाच. आणि ते दार उघडं ठेव."

सुमेधाताईंनी पहिल्या तारखेपासून वाचायला सुरुवात केली. शेजारची बाई दुधाची पिशवी हातात घेऊन दारात उभी राहिली, मग तिचा नवराही आला. सातजण चुकले इथे आल्यावर ताईंना रडू फुटले. कॅप्टन म्हणाले, "पुढं वाच, थांबू नकोस." ताईंनी सगळे वाचले, माझी सहीसुद्धा.

या कागदांच्या प्रती मी दुसऱ्याच दिवशी सोपाऱ्याच्या पोस्टातून संबंधित कार्यालयाला रजिस्टर्ड पाठवल्या आहेत. ज्यांच्याशी मी करार केला त्यांनी खुशाल दावा लावावा. माझा पत्ता वर दिला आहे. दुपारी दोन ते चार मी झोपते, तेवढा वेळ सोडून यावे.

कलम ९. माझ्या मयताला फुले वाडीतलीच वापरावीत. प्रवचनात मला "शांत स्वभावाची" म्हणू नये.

बुधवारी कॅप्टनचा फोन आला. "मृत्युपत्राला साक्षीदार लागतात ना?" मी म्हणाले, लागतात, पण ज्याला त्यातून काही मिळणार असेल त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे. ते म्हणाले, "माझं कलम तर तुम्ही खोडलंत. आता मला काय मिळायचं राहिलंय?" आज ते निर्मळला आले आहेत. आधी शेडमध्ये जाऊन लाकडी कॉकपिटात बसले. अर्धा तास झाला तरी उठत नव्हते, म्हणून सही करायला आम्हीच कागद तिकडे नेले.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो माझाच आहे, आणि ही सही मी चाचणी नीट घेऊन केली आहे.

स्थळ: निर्मळ, ता. वसई, जि. पालघर
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: कार्मिन जेम्स तुस्कानो (सही)

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही.

साक्षीदार १. श्रीमती मेरी ऑस्टिन लोपीस, वय ५८, धंदा: शिक्षिका, राहणार निर्मळ (सही)

साक्षीदार २. कॅप्टन जयवंत भास्कर चुरी, वय ७४, राहणार नायगाव (सही, डाव्या हाताने)
धंदा: वैमानिक