बर्फातला वाघोबा

प्रिय ताईस, धाकट्या संदेशचा नमस्कार.

मी बरा आहे. मासे भरायच्या कारखान्यात काम आहे, थंडीचे कपडे त्यांनीच दिले. आईला सांग, इथे भात मिळतो.

तुझी कादंबरी सोबत आणलीय. सापगावात बसून, बर्फ कधी न बघता, तू हा उत्तरेचा मुलूख रचलास. दुसऱ्यांच्या पुस्तकांतून घेतलेले तुझे लांडगे, काळं तळं, घंटेचा मनोरा, यातलं इथे काहीच नाय.

पण इथल्या गावाच्या वेशीवर वाघोबाचा दगड आहे. गुरं राखणारा आपला वाघोबा तू कादंबरीत नेऊन बसवलास, तेव्हा "बर्फात कुठला गो वाघोबा?" म्हणून आमी हसलो होतो. तोच. शेंदूर ओला होता, बोटाला लागला. भोवतीच्या बर्फात पावलं फक्त माझीच.

इथली माणसं म्हणतात, कालपर्यंत तिथे दगड नव्हता.

काळजी करू नको. मी भाताचा घास ठेवून आलो.

बाबांचा खोकला कसा आहे? आणि एक कर. कोणाला तरी बरोबर घेऊन, उजेडात, आपल्या शिवेवर जाऊन ये. वाघोबा जागेवर आहे का बघ.

नसला, तर आईला सांगू नको. पण गुरं रानात सोडू नको.

तुझाच,
संदेश