सापुताऱ्यापुरती ऊब

पप्पा,

मी स्टेशनला निघाले. अबोला धरलात, तरी माझ्या पलंगावर नवी स्लीपिंग बॅग ठेवून गेलात. ती मी नेत नाहीये, रागावू नका. मार्केटात साडी बघता तसं तुम्ही चिमटीत धरून नुसतं कापड बघितलंत. कापड एक नंबर आहे, पण ऊब आतल्या भरावात असते. त्या बॅगेवर लिहिलेल्या मायनस पाचला माणूस कसाबसा तग धरतो, झोप लागत नाही. मनालीच्या वर तंबूत त्याहून गारठा असतो, म्हणून मी जाड भरावाची घेतलीय. मला काही होत नाही.

तुमची बॅग कपाटात आहे, परत करू नका. सापुताऱ्याच्या थंडीला ती भरपूर झाली. मी आले की आपण दोघं जाऊ. तोवर मम्मीशी तरी बोला; ट्रेकला जायचा हट्ट माझा होता, तिचा नाही.

हर्षदा